टाकणखारापासून टर्बाइनपर्यंत

नाशिकच्या सराफ बाजारात चांदीला डाग देताना कारागीर सांध्यावर टाकणखार लावतो आणि जाळ धरतो. खार आधी लाहीसारखा फुलतो, मग वितळून काचेसारखा पसरतो. जमिनीतल्या उष्णतेवर वीज करण्याचा उद्योग याच खाराच्या कुळातून निघाला.

इटलीत लार्देरेल्लो इथे जमिनीतून वाफ उसळते. तिथल्या पाण्यातून बोरिक आम्ल, म्हणजे टाकणखाराचंच भावंड, काढायला फ्रान्स्वा द लार्देरेलने १८१८च्या सुमारास सुरुवात केली. पाणी आटवायला लाकूड लागे आणि आसपासचं रान उजाड होत चाललं. तेव्हा १८२७मध्ये त्याने जमिनीतली वाफच कढयांना दिली. विजेचा तोवर विचारही नव्हता. त्या घराण्याचे जावई पिएरो जिनोरी कोंती यांनी १९०४मध्ये वाफेवर यंत्र चालवून पाच दिवे लावले. १९१३मध्ये २५० किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं.

आपल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात, लार्देरेल्लोत बॉयलर जमिनीच्या पोटात. कोळसा नाही, राख नाही. पण म्हणून सगळं फुकट, असंही नाही. न्यूझीलंडच्या वैराकेई केंद्रात १९५८पासून उपसा सुरू झाला, वापरलेलं पाणी जमिनीत परत न जाता नदीत गेलं आणि जमीन खचली. कॅलिफोर्नियातल्या ‘द गीझर्स’ या अशाच वीज केंद्रांची वाफ १९८०च्या दशकाअखेर ओसरू लागली. आता सांता रोझा शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी तिथे जमिनीत मुरवून वाफ टिकवतात. सांडपाण्याचं काय करायचं हा प्रश्न पडलेल्या गोदाकाठच्या शहराने ही युक्ती तरी ऐकून ठेवावी.

भारतात मणिकरणला ५ किलोवॅटचा प्रयोग झाला होता. लडाखच्या पुगा खोऱ्यात, जिथे झऱ्यांकाठी टाकणखारच साचतो, १ मेगावॅटच्या प्रकल्पासाठी ओएनजीसीने २०२१मध्ये करार केला.

आपल्याकडे घाट उतरलं की वज्रेश्वरी-गणेशपुरी, खानदेशात उनपदेव. ही कुंडं अंघोळीची. कोकणात उन्हवऱ्याचं पाणी सर्वांत कढत, तेही ७० अंशांच्या घरात. त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरणार नाही. ती उष्णता कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला द्यावी लागते. रशियात कामचात्का इथे १९६७मध्येच ८१ अंशांच्या पाण्यावर हे करून दाखवलं होतं. कोकणात आधी खोल बोअर घेऊन खाली पाणी किती आणि किती तापलेलं आहे, ते मोजावं लागेल.