लिपो बॅटरी (एरोमॉडेलिंग)

लिपो बॅटरी : विजेवर उडणाऱ्या मॉडेल विमानांत वापरली जाणारी, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी लिथियम पॉलिमर बॅटरी. निकेल-कॅडमियम बॅटरीपेक्षा ती हलकी असते आणि मोटरला लागणारा मोठा प्रवाह सहज देते. मात्र वजन वाचवण्यासाठी तिच्यावर धातूचे टणक कवच नसते. सेल पातळ, लवचीक पिशवीत बंद केलेला असतो. मोबाइलच्या बॅटरीत असते तसे संरक्षक सर्किटही बहुतेक पॅकमध्ये (सेल जोडून केलेल्या बॅटरीत) नसते. ते काम उडवणाऱ्यालाच करावे लागते.

एका सेलचा नाममात्र विद्युत दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट. ‘३एस’ म्हणजे एकसर जोडलेले तीन सेल, अर्थात ११.१ व्होल्ट. २२०० मिलिअँपिअर-तासांच्या पॅकवर ‘२५सी’ (क्षमतेच्या आकड्याच्या २५ पट प्रवाह) लिहिले असेल, तर त्यातून ५५ अँपिअर घेता येतील असा उत्पादकाचा दावा असतो. पॅक फुगण्याआधी पुष्कळदा हा आकडाच फुगवलेला असतो.

चार्जिंगसाठी लिपोचाच चार्जर लागतो. तो आधी ठरावीक प्रवाह देतो, सेल ४.२ व्होल्टला पोहोचला की दाब तिथेच धरून प्रवाह कमी करत नेतो. सुरक्षित वेग १सी, म्हणजे वरच्या पॅकला २.२ अँपिअर. खरी चूक होते ती सेलची संख्या निवडताना. पूर्ण चार्ज झालेला ३एस पॅक १२.६ व्होल्ट दाखवतो. ४एस पॅक जवळजवळ रिकामा असतानाही तेवढेच दाखवतो. नुसत्या एकूण दाबावर विसंबणारा चार्जर इथे फसू शकतो आणि भरलेल्या पॅकमध्ये आणखी वीज कोंबू लागतो. म्हणून बॅलन्सची बारीक वायर प्रत्येक वेळी जोडायची. तिच्यामुळे चार्जरला प्रत्येक सेलचा दाब वेगळा दिसतो आणि मागेपुढे झालेले सेल समान पातळीवर आणता येतात.

जास्त चार्ज, आतला शॉर्ट किंवा अपघातात पडलेले भोक यांमुळे सेल तापतो. त्या उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया वाढतात, त्या आणखी उष्णता निर्माण करतात आणि द्रावकाची ज्वलनशील वाफ पिशवी फोडून बाहेर येते. ही साखळी बाहेरच्या हवेवर अवलंबून नसल्याने आग नुसती झाकून विझत नाही. वाळूने ती पसरायची थांबते, भरपूर पाण्याने शेजारचे सेल थंड राहतात. या सेलमध्ये धातुरूप लिथियम जवळजवळ नसते, त्यामुळे पाण्याची भीती बरीचशी अनाठायी आहे. मात्र विद्युत पुरवठा आधी तोडला पाहिजे. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, तेव्हा जवळ थांबू नये. चार्जिंग फरशीवर किंवा विटांवर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर आणि नजरेसमोर करायचे. आगरोधक पिशवी मदत करते, पण ती वापरली म्हणून पॅक रात्रभर चार्जिंगला लावून झोपणे शहाणपणाचे नाही.

उडताना पूर्ण क्षमता संपवू नये. साधारण ८० टक्के वापरून विमान उतरवण्याचा प्रघात आहे. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडू लागतो. उतरल्यावर गरम पॅक थंड होऊ द्यावा, मगच चार्जरला लावावा. शून्य अंश सेल्सिअसखाली मात्र चार्ज करू नये, कारण तेव्हा ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचते. विमान आदळले असेल, तर पॅक बाहेरून धड दिसला तरी तो काढून काही वेळ मोकळ्या जागेत ठेवतात. आतला बिघाड कधीकधी उशिरा पेट घेतो.

काही दिवस उडवायचे नसेल, तर प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणून थंड जागी ठेवतात. पूर्ण भरून ठेवलेला पॅक लवकर म्हातारा होतो. फुगलेला पॅक दाबून सपाट करणे किंवा टोचून वायू काढणे धोक्याचे. तो वापरातून बाद करायचा. बाद पॅक मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला फार प्रचलित आहे, पण त्यात आधी टोके गंजतात आणि आत वीज शिल्लक राहू शकते. त्यापेक्षा छोट्या बल्बवर तो सावकाश रिकामा करून, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनाकडे द्यावा.