ट्रॅव्हल ट्रेलर की फिफ्थ व्हील? आधी ट्रकच्या दारातला पिवळा स्टिकर वाचा

गेल्या वर्षभरात आमच्या डॅलसकडच्या ओळखीतल्या तीन घरांनी मला हाच प्रश्न विचारलाय, गाडीमागे ओढून न्यायचं फिरतं घर घ्यायचं तर ट्रॅव्हल ट्रेलर घेऊ की फिफ्थ व्हील, आणि तिघांनीही सोबत फोटो पाठवले ते आतल्या किचनचे. फ्रिज केवढा, सोफा कुठे, मुलांचे बंक कसे. मी तिघांनाही उलट एकच विचारलं, ट्रक कुठला आहे आणि ड्रायव्हरचं दार उघडल्यावर तिथल्या खांबावर जो पिवळा-पांढरा स्टिकर दिसतो त्यावर ट्रकने किती ओझं घ्यायचं तो आकडा किती आहे. कारण ह्या दोघांतला खरा फरक सोफ्यात नाहीच, ट्रेलरचं ओझं तुमच्या गाडीवर नेमकं कुठे येऊन बसतं ह्यात आहे, आणि बाकीचे सगळे फरक, म्हणजे डोलणं, वळणं, उंची, आतल्या पायऱ्या, पैसे, हे त्या एका गोष्टीतूनच निघतात.

लांबून दोन्ही पांढऱ्या पेट्याच दिसतात म्हणून आधी जोडणी सांगतो. ट्रॅव्हल ट्रेलरला गाडीच्या मागे बंपरखाली चौकोनी रिसीव्हर (खोबण) लागतो, त्यात हिच म्हणजे ट्रेलर अडकवायचा भाग, हिचवर लोखंडी बॉल (मोठ्या ट्रेलरना बहुतेक २ ५/१६ इंचांचा), आणि ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्याचं टोक त्या बॉलवर बसतं. दमदार एसयूव्हीसुद्धा हे काम करते. फिफ्थ व्हीलला मात्र पिकअपच पाहिजे, कारण त्याचा हिच मागच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसवलेला असतो, आणि ट्रेलरच्या नाकाखालून २ इंच जाडीची एक पिन खाली आलेली असते, किंगपिन, ती हिचच्या जबड्यात जाऊन अडकते. न्हावाशेवाहून एक्सप्रेसवेवर येणारे कंटेनरचे ट्रेलर आठवा, पुढे घोडा (इंजिन-केबिनचा भाग) वेगळा, मागे ट्रेलर वेगळा, त्यांची जोडणी हीच. घोडागाडीच्या काळात पुढची चाकं वळावीत म्हणून आसावर एक आडवं चाक बसवायचे, चार चाकांवरचं पाचवं, त्यावरून हे नाव पडलं. गूसनेक म्हणून तिसराही प्रकार आहे, तोही हौद्यातच पण बॉलवर, घोडे आणि गुरं नेणारे शेतकरी तो वापरतात, राहायच्या ट्रेलरला सहसा नसतो.

आता डोलण्याचं सांगतो, कारण हे मी स्वतः हातात अनुभवलंय. मार्चच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये आम्ही आमचा ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन पालो ड्युरो कॅन्यनला निघालो होतो, फोर्ट वर्थहून २८७ नंबरचा हायवे, विचिटा फॉल्सच्या पुढे सगळं सपाट माळरान आणि आडवं वारं. चिल्ड्रेसच्या अलीकडे एक अठरा चाकी ट्रक जोरात ओव्हरटेक करून गेला. आधी त्याच्या पुढच्या हवेने आमच्या ट्रेलरला बाहेर ढकललं, मग तो बाजूने सरकला तसं आत ओढलं, आणि मागचा ट्रेलर डोलायला लागला, डावीकडे उजवीकडे डावीकडे, आणि प्रत्येक झोक्याला माझ्या ट्रकचं ढुंगण सोबत ओढलं जात होतं, स्टिअरिंग सरळ धरूनसुद्धा गाडी सरळ जात नव्हती. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. अ‍ॅक्सलरेटर सोडला, स्टिअरिंग घट्ट सरळ धरलं, आणि गुडघ्याजवळच्या ब्रेक कंट्रोलरची छोटी पट्टी हाताने दाबली, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. पाचसहा सेकंदांत थांबलं सगळं. मागच्या सीटवर मुलं एकदम गप्प बसली होती.

पुढच्या पंपावर उतरून बघितलं तर कारण डोळ्यासमोर होतं. चार सायकली मागच्या बंपरच्या रॅकवर, पाण्याचे कॅन आणि फोल्डिंग खुर्च्या मागच्या बंकखाली, आणि पुढचं कपाट जवळजवळ रिकामं. ज्यांनी गावाकडे बैलगाडी जुंपलेली बघितलीय त्यांना हे लगेच कळेल, मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. ट्रॅव्हल ट्रेलरचंही तेच, त्याच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के वजन पुढे बॉलवर दाबून पडलं पाहिजे, त्याला टंग वेट म्हणतात, आणि ते कमी झालं की शेपूट हलायला लागतं. आम्ही तिथेच सगळं सामान पुढे हलवलं, कॅन ट्रकच्या हौद्यात घेतले, आणि अमॅरिलोपर्यंत वारं तेच असून ट्रेलर शांत आला.

फिफ्थ व्हीलला हा त्रास जवळजवळ नसतो आणि त्याचं कारण साधं आहे. पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलपासून बॉल साधारण ४-५ फूट मागे असतो, म्हणजे ट्रेलरच्या हातात पहार दिल्यासारखंच झालं, बाजूने थोडा जोर लागला तरी त्या पहारीने तो ट्रकचं मागचं टोक हलवू शकतो. फिफ्थ व्हीलची पिन अ‍ॅक्सलच्या डोक्यावरच, तिथे पहारच उरत नाही, बाजूचा धक्का सरळ चाकांमधून रस्त्यावर उतरतो. सांगली-कोल्हापूरकडे ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या बघितल्या असतील, मागची ट्रॉली कशी नागमोडी चालते, आणि त्याच रस्त्यावर कंटेनरचा ट्रेलर कसा एका रेषेत जातो. ट्रॅव्हल ट्रेलरवाल्यांनी म्हणून वेट डिस्ट्रिब्यूशन हिच घ्यायचाच, त्याच्या दोन स्प्रिंगच्या दांड्या मागचं थोडं ओझं ट्रकच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात, आणि बऱ्याच हिचमध्ये डोलणं आवरायची सोयही असते. चांगला हिच बसवला आणि सामान नीट भरलं तर ट्रॅव्हल ट्रेलरही मस्त चालतो, पण निष्काळजीपणा तो खपवून घेत नाही, फिफ्थ व्हील थोडाफार घेतो.

मग सगळ्यांनी फिफ्थ व्हीलच का घेऊ नये? इथेच तो स्टिकर येतो.

फिफ्थ व्हीलचं पिनवरचं वजन ट्रेलरच्या १५ ते २५ टक्के असतं, हिशोबाला २० धरा, आणि ते सगळं थेट ट्रकच्या हौद्यात बसतं, कुठला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच ते पुढे ढकलणार नाही. आमच्या एका ओळखीच्यांना डीलरकडे सांगितलं होतं की तुमचा हाफ-टन (मोठ्या पिकअपमधला हलका वर्ग) ट्रक ११,००० पाउंड ओढतो, हा फिफ्थ व्हील भरून ८,८०० चा आहे, आरामात जाईल. आम्ही त्यांच्या ड्राइव्हवेवर उभं राहून मोबाइलवर हिशोब केला. स्टिकरवर पेलोड १,६२० पाउंड, म्हणजे साधारण ७३५ किलो, आणि ह्यात माणसं, सामान, हिच, ट्रेलरचा दाब सगळं आलं. ८,८०० चे २० टक्के म्हणजे १,७६०. संपलं, अजून गाडीत कोणी बसलंसुद्धा नाही. चार माणसं ५६० पाउंड आणि हौद्यातला हिच १५० धरला तर एकूण २,४७०, म्हणजे साडेआठशे पाउंड जास्त. ओढायची ताकद ट्रकमध्ये होती हो, डीलर त्या बाबतीत खोटं बोलला नव्हता, पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं, आणि ओव्हरलोड झाला की मागचे टायर, अ‍ॅक्सल, ब्रेक ह्यांच्यावर येतं. त्याच ट्रकला भरून ६,५०० पाउंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर लावला तर टंग वेट ८१० च्या आसपास, हिच ८०, माणसं ५६०, झाले १,४५०, आणि सामानाला १७० उरतात. फार नाहीत, पण बसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, हाफ-टन ट्रक म्हणजे एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हराडो १५०० ह्या वर्गातलं काही दारात असेल आणि चौकोनी कुटुंब असेल तर फिफ्थ व्हीलचा विचार सोडा, ‘हाफ-टन टोएबल’ (हाफ-टनने ओढता येईल) असं लेबल लावून जे विकतात तेसुद्धा घरच्या माणसांसकट तोलून बघा. फिफ्थ व्हील हवाच असेल तर तीन-चतुर्थांश टन किंवा एक टनाचा ट्रक आधी धरा, म्हणजे २५०/२५०० किंवा ३५०/३५०० वाले, आणि मोठ्या फिफ्थ व्हीलला एक टनच. ट्रक बदलायचे पैसे ट्रेलरच्या किमतीत मिळवून मगच दोन्हींची तुलना करा. डीलर दाखवतो ते रिकामं वजन असतं हेही लक्षात ठेवा, एक गॅलन पाणी ८.३ पाउंड, ५० गॅलनची टाकी भरली की चारशेच्या वर तिथेच गेले, मग गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, भांडी, आणि आपल्याकडे कणकेचा डबा आणि कुकर येणारच. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, थोडक्या डॉलरमध्ये प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन छापून देतात, पहिल्याच ट्रिपला भरलेली गाडी त्यावर घाला.

हौद्याचंही बोललं पाहिजे. फिफ्थ व्हील लावला की हौदा गेला, लाकडं, जनरेटर, सायकली सगळं ट्रेलरच्या पोटात, तिथे जागा भरपूर असते हे खरं. हौदा लांब म्हणजे ८ फुटी असेल तर प्रश्न नाही, पण चार दारांच्या बऱ्याच ट्रकना साडेपाच-साडेसहा फुटीच येतो, मग काटकोनात वळताना ट्रेलरचं नाक केबिनच्या मागच्या काचेला लागू शकतं, त्यासाठी मागे सरकणारा स्लायडर हिच घ्यावा लागतो.

चालवायला? फिफ्थ व्हीलचा सांधा ट्रकच्या आत असल्यामुळे ट्रेलर तेवढ्याच लांबीचा असला तरी दोन्ही मिळून गाडी काही फूट आखूड होते, पण वळताना ट्रेलरची चाकं आतून कोपरा कापतात, त्यामुळे वळण मोठं घ्यायचं, नाहीतर पंपाचा खांब गेलाच. रिव्हर्सला ओळखीतल्या एकांचा फिफ्थ व्हील मी रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन बघितला, तो आरामात, हळूहळू प्रतिसाद देतो, तर आखूड ट्रॅव्हल ट्रेलर स्टिअरिंग जरा जास्त फिरलं की लगेच दुमडतो. दोन्हीला युक्ती एकच, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलरचं शेपूट जातं.

उंचीत मात्र ट्रॅव्हल ट्रेलर सरळ जिंकतो. तो १० ते साडेअकरा फुटांच्या आसपास, मोठे फिफ्थ व्हील १३ फुटांच्या वर जातात, आणि पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत रस्त्यावरची मर्यादाच १३ फूट ६ इंच आहे. जुन्या कॅम्पग्राउंडमधल्या खाली आलेल्या फांद्या, पंपांची छतं, सगळीकडे मान वर करून बघत जावं लागतं. काही ठिकाणी दोघंही अडकतात, कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरच चालत नाही, आणि युटातल्या झायन नॅशनल पार्कमधल्या १९३० साली पुऱ्या झालेल्या बोगद्याला ११ फूट ४ इंच उंची किंवा ७ फूट १० इंच रुंदी झाली की गाडी मोठी धरतात, बहुतेक ट्रेलर ८ फूट रुंद असल्यामुळे तिथे बुटका असून उपयोग नाही, निघण्याआधी पार्कचा त्या वर्षीचा नियम वाचा. टेक्ससवाल्यांनी लायसन्सही बघा, ट्रक-ट्रेलर मिळून रेटिंग (कंपनीने ठरवलेलं कमाल वजन) २६,००० पाउंडांच्या वर आणि त्यात ट्रेलर १०,००० च्या वर असेल तर घरगुती वापरालाही क्लास ए लागतं, आणि मोठे फिफ्थ व्हील तिथे सहज पोचतात.

आतल्या राहण्याचं शेवटी सांगतोय, पण आमच्या घरात निर्णय ह्यावरच पक्का झाला. फिफ्थ व्हीलमध्ये हौद्यावर येणाऱ्या भागात बेडरूम आणि बहुतेक बाथरूमही असते, दोनतीन पायऱ्या चढून, खालचा हॉल उंच छताचा, खरोखर घरासारखा. वर्षातले चार-पाच महिने त्यात राहणाऱ्यांसाठी ह्यासारखं सुख नाही. आमची आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी येते, गुडघे दुखतात, आणि रात्री दोनदा उठावं लागतं. ओळखीच्यांच्या फिफ्थ व्हीलमध्ये ती एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून त्या पायऱ्या उतरली तेव्हाच मी ठरवलं. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये दारातल्या पायऱ्या चढल्या की आत सगळं एका पातळीवर, पलंगापासून संडासपर्यंत सहा पावलं.

घ्या कुठलाही, जोडताना घाई करू नका. ट्रॅव्हल ट्रेलरला कुंडी लागली की जॅकने पुढचं टोक थोडं वर उचलून बघा, ट्रकचं मागचं टोक सोबत उचललं गेलं तरच बॉल आत बसलाय, मग साखळ्या खालून एकमेकींवरून काट मारून लावा म्हणजे सुटला तरी टोक त्यांच्या झोळीत पडेल. फिफ्थ व्हीलला धोका वेगळा, पिन जबड्यात न जाता वरच टेकून राहते, बाहेरून सगळं जोडल्यासारखं दिसतं, आणि ट्रक हलला की आख्खं नाक हौद्याच्या कडांवर आदळतं. म्हणून आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. हौद्यात वाकून टॉर्च मारायचा, जबडा पिनभोवती पूर्ण मिटलेला डोळ्यांनी बघायचा, ट्रेलरचे पुढचे टेकूचे पाय अजून जमिनीवर असतानाच ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक हळूच पुढे ओढून बघायचा, ट्रेलर जागचा हलला नाही आणि ट्रक अडला, की मग पाय वर घ्यायचे.