सेस्तोतलं घर आणि ‘चार अधिक चार’चा करार

मिलानमधलं भाडं परवडेना की अनेकांचा घरशोध शहराला उत्तरेकडून चिकटलेल्या सेस्तो सान जोव्हान्नीकडे वळतो. तिथला नेहमीचा भाडेकरार ‘चार अधिक चार’ वर्षांचा, म्हणजे आधी चार वर्षं आणि मालकाकडे कायद्याने मान्य कारण नसेल तर आपोआप आणखी चार. अकरा महिन्यांच्या करारांना सरावलेल्या आपल्या मंडळींना तो आधी चक्रावूनच टाकतो.

सेस्तो हे पूर्वी लोकलने रोज मिलान गाठणाऱ्यांचं गाव नव्हतं. १८४० चा मिलान-मोंझा लोहमार्ग इथूनच जातो, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रेदा, फाल्क, मारेल्लीचे कारखाने उभे राहिले आणि लोक कामासाठी उलट इथेच येऊ लागले. फाल्कने तर कामगारांसाठी वसाहत बांधली. युद्धानंतर सरकारही घरबांधणीत उतरलं. १९४९ च्या फानफानी योजनेत कामगार आणि मालक दोघांकडून वर्गणी कापून १४ वर्षांत देशभर साडेतीन लाखांच्या आसपास घरं बांधली गेली. त्यांतली बरीच हप्ते फेडून मालकीची होणारी होती. स्वतःच्या घराची इटालियन ओढ नुसती स्वभावातली नाही, तिला सरकारी खतपाणीही मिळालं.

भाड्याच्या बाजूला मात्र वर्षानुवर्षं गोठवणूक आणि मुदतवाढ चालली. १९७८ च्या ‘एक्वो कानोने’ म्हणजे न्याय्य भाड्याच्या कायद्याने त्याला सूत्र दिलं: क्षेत्रफळ, गावाचा आकार, मजला, इमारतीचं वय आणि अवस्था यांवरून भाडं ठरवायचं, करार किमान चार वर्षांचा, आणि वाढ महागाईच्या ७५ टक्क्यांपुरतीच. कागदावर हिशेब चोख होता. प्रत्यक्षात मालक घरं रिकामी ठेवू लागले किंवा ‘तात्पुरता वापर’ दाखवून कायद्याला बगल देऊ लागले. भाडेकरूला वाचवणाऱ्या कायद्याचा फटका नव्या भाडेकरूलाच बसला. १९९२ मध्ये या सूत्राबाहेर भाडं ठरवू देणारे करार आले. १९९८ च्या ४३१ क्रमांकाच्या कायद्याने भाडं मोकळं केलं, मुदत मात्र राखली: बाजारभावाने ४ अधिक ४, किंवा मालक-भाडेकरू संघटनांनी स्थानिक पातळीवर ठरवलेल्या मर्यादेत ३ अधिक २. दुसऱ्या प्रकारात भाडं कमी, म्हणून मालकाला करात सूट. २०११ पासून भाड्यावर एकाच ठराविक दराने कर भरण्याचा पर्यायही मिळाला. करार नोंदवायला मालक आता पूर्वीइतके कां-कूं करत नाहीत, यामागे हेही एक कारण असावं.

दरम्यान सेस्तो पालटलं. १९८६ मध्ये मेट्रो थेट गावातल्या रेल्वे स्थानकापर्यंत आली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात फाल्कच्या भट्ट्या विझल्या. कामगारांचं गाव चाकरमान्यांचं झालं. २०१९ च्या एकात्मिक तिकीट पद्धतीत मिलान आणि त्याला लागून असलेली गावं एकाच तिकिटाखाली आली.

विकत घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. व्यवहार नोतायोसमोरच, म्हणजे दस्त अधिकृत करणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञासमोरच, पुरा होतो. खासगी विक्रेत्याकडून पहिलं घर घेताना नोंदणी कर २ टक्के लागतो, तोही बाजारभावावर नाही, सरकारी नोंदीतल्या मूल्यावर. मात्र आधीपासून त्या गावात राहत किंवा काम करत नसलात, तर १८ महिन्यांत तिथला रहिवासी म्हणून नाव नोंदवावं लागतं.