मुलाखत उतरवणाऱ्याचं काय?

३० मार्च २०२३ला, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरातल्या बावडीवरचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवरचं, छत खचलं आणि ३६ जणांचा जीव गेला. अशा घटना कव्हर करणाऱ्या पत्रकारांच्या मनावर काय परिणाम होतो, हा प्रबंधाला चांगला विषय आहे. गाईड नमुना, प्रश्नावली, आकडेमोड सगळं तपासतात. मुलाखती ऐकून उतरवायच्या कोणी, हे मात्र विचारायचं राहतं.

एका तासाची मुलाखत शब्दशः उतरवायला चार-सहा तास सहज जातात. नेमकं नको ते वाक्य अस्पष्ट असतं, आणि तेच पाच वेळा मागे नेऊन ऐकावं लागतं. मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांच्या गटाने २०१४ साली न्यूजरूममध्ये हिंसक दृश्यं हाताळणाऱ्या ११६ पत्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्रासाचा संबंध किती तास पाहिलं यापेक्षा किती वेळा पाहिलं याच्याशी जास्त निघाला. निष्कर्ष दृश्यांबद्दलचा आहे, ऐकण्याला तो थेट लावता येत नाही. तरी ‘रोज थोडं थोडं उरकून टाक’ हा गाईडचा लाडका सल्ला त्यामुळे संशयास्पद ठरतो. त्यापेक्षा आठवड्यात दोन दिवस ठरवावेत, दिवसाउजेडी, विभागातच बसून. रात्री अंथरुणात हेडफोन लावून तर नकोच.

मोजमापातही घोळ होतात. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक विकार, त्याची लक्षणं मोजणाऱ्या पीसीएल-५ या प्रश्नावलीत २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण ८०. ती गेल्या महिन्याबद्दल विचारते. अपघातानंतर पंधरा दिवसांत भरून घेतली, तर त्या गुणांना पीटीएसडी म्हणता येत नाही. निदानासाठी लक्षणं महिन्याहून जास्त टिकावी लागतात. ३१-३३च्या वर गुण गेले तरी तो फक्त संशय, रोगनिदान तज्ज्ञाने घेतलेल्या मुलाखतीनेच होतं. शिवाय क्राइम रिपोर्टरने बरंच काही पाहिलेलं असतं. कोणती घटना मनात धरून उत्तरं द्यायची, हे आधी एका ओळीत लिहून घेतलं नाही तर बावडीच्या नावावर दहा वर्षांपूर्वीचा बस अपघात मोजला जातो.

नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली जोडली असेल, तर तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. ते फॉर्म महिनाभर गठ्ठ्यात पडून राहता कामा नयेत. त्याच दिवशी पाहायचे, आणि पुढे कोणाला कळवायचं हे एथिक्स कमिटीकडे जाण्यापूर्वीच ठरवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर माहितीपत्रकात छापावाच, पण तेवढ्याने जबाबदारी संपत नाही.

नाव गाळलं की ओळख लपली, हा आणखी एक भ्रम. ‘महिला, क्राइम बीट, १२ वर्षं अनुभव, सांध्य दैनिक’ एवढं वाचून इंदूरच्या राजवाड्यावर चहा पिणारा कोणीही नाव सांगेल. रिपोर्टर मराठी असेल तर रामबागेत, म्हणजे तिथल्या मराठी वस्तीत, तेवढीही वाट पाहावी लागणार नाही. अनुभव ‘१० ते २० वर्षं’ असा लिहावा, दैनिकाचा प्रकार काढून टाकावा.

आणि मुलाखती उतरवणाऱ्या विद्यार्थिनीला झोप लागेनाशी झाली तर ते ऐकणारा माणूस विभागाबाहेरचा हवा. प्रबंधावर ज्याची सही लागते, त्याच्यासमोर ‘मला जमत नाही’ म्हणायला सहसा कोणी धजत नाही.