जळत नाही, झिजतो

जुन्या वाड्याची दगडी पायरी मधोमध खोलगट होते, कारण पावलं नेमकी तिथेच पडतात. ओएलईडी मॉनिटरवर काही महिन्यांनी टास्कबारची किंवा गेमच्या कोपऱ्यातल्या नकाशाची पुसट सावली दिसू लागते, तीही अशीच. नाव पडलंय 'बर्न-इन', पण तिथे जळत काहीच नाही. काही पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा जास्त राबलेले असतात, एवढंच.

एलसीडीत मागचा प्रकाश सगळ्या पडद्याला सामायिक असतो. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच एक दिवा असतो. चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कोडॅकमध्ये असा व्यवहार्य सेंद्रिय दिवा बनवून १९८७ साली जगापुढे मांडला. सेंद्रिय म्हणजे कार्बनी रेणूंचा. वीज वाहिली की हे रेणू उजळतात, आणि त्यातले थोडे कायमचे मोडतात. निळा प्रकाश देणाऱ्या रेणूंचे हाल सर्वात जास्त. निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे पावणेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट, लाल कणाची साधारण दोन. रेणूतले कमकुवत बंध तुटायला लागणाऱ्या ऊर्जेच्या जवळ निळा जाऊन पोचतो. त्यात ब्राइटनेस दुप्पट केला, तर आयुष्य निम्म्याहूनही कमी होतं.

आता वॉरंटी. वस्तू वापराने झिजली तर ती वॉरंटीत बसत नाही, हा बाजाराचा जुना नियम, आणि बर्न-इन ही तर शुद्ध झीज. म्हणूनच २०२२ मध्ये डेलने एलियनवेअर या आपल्या गेमिंग ब्रँडच्या क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच एक प्रकार) मॉनिटरला तीन वर्षांची वॉरंटी देताना तिच्यात बर्न-इनचा स्पष्ट उल्लेख केला, ते मला फार मोलाचं वाटतं. पुढे इतरही काही कंपन्यांनी तेच केलं. खरेदीआधी 'बर्न-इन' हा शब्द अटींमध्ये आहे का, ते नक्की शोधा. 'तीन वर्षं' एवढंच लिहिलेलं पुरेसं नाही. अमेरिकेतून कोणी आणून देणार असेल, तर ती वॉरंटी भारतात चालते का, तेही आधीच विचारून घ्या.

आपल्या घरांमध्ये एक सवय मात्र या पडद्याच्या मुळावर येते. काम संपलं की आपण भिंतीवरचं बटण बंद करतो. लहानपणापासून तेच शिकलोय. पण ओएलईडी मॉनिटर आपली डागडुजी स्टँडबायमध्ये असताना करतो: काही तासांच्या वापरानंतर तो पिक्सेलची झीज मोजतो आणि मंदावलेल्यांचा प्रवाह जुळवून घेतो. बटण बंद असेल तर हे काम होतच नाही. टास्कबार लपवा, ब्राइटनेस उतरवा, पण रात्री मॉनिटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा आणि भिंतीवरचं चालू राहू द्या.