मॅनेजर काढला की टीम जिंकायला लागते, ते कामून?

२१ मे २०२५ ला स्पेनमधल्या बिल्बाओत युरोपा लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या नंबरच्या स्पर्धेची फायनल झाली, आपल्याकडं तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली, दिवसभराच्या उन्हानं तापलेल्या गच्चीवर मोबाईल धरून पोरं बसलेली. टॉटनहॅम ह्या लंडनच्या फुटबॉल क्लबनं मँचेस्टर युनायटेडला १-० हरवलं, ब्रेनन जॉन्सनचा गोल, क्लबला १७ वर्षांनी ट्रॉफी मिळाली. आणि बरोबर १६ दिवसांनी त्याच क्लबनं मॅनेजर (फुटबॉलमध्ये मुख्य कोचला मॅनेजर म्हणतात) अँज पोस्टेकोग्लूला घरी पाठवलं, कारण हीच टीम प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, ३८ पैकी २२ मॅच हरून १७ व्या नंबरवर राहिली होती.

संभाजीनगरात विद्यापीठाच्या आजूबाजूला रूम करून राहणारी परभणी, नांदेड, बीडची पोरं आहेत, त्यांच्यात टॉटनहॅमवाले तसे थोडेच, पण त्या आठवड्यात टपरीवर सगळ्यांचे दोन गट पडले. एकाचं म्हणणं, "ज्यानं ट्रॉफी आणली त्यालाच काढायलेत, ह्याला काय अर्थय?" दुसऱ्याचं, "बावीस हरलाय भौ, बावीस. अजून किती वाट बघायची?" आर्सेनलवाल्यांनी त्यांचा जुना मॅनेजर वेंगरच्या शेवटच्या वर्षांत हेच केलं, युनायटेडवाले तर दर दोन वर्षांनी करतात. पण ह्या सगळ्या भांडणात मुद्द्याचा प्रश्न कुणी विचारतच नाही, तो म्हणजे मॅनेजर काढला नसता तर काय झालं असतं? विज्ञानात कुठल्याही उपायाचा गुण आला का हे बघायचं असलं की आधी हाच प्रश्न विचारतात, आणि फुटबॉलमध्ये त्याचं उत्तर शोधायचं काम काही लोकांनी खरंच केलंय.

आधी फुटबॉल हा खेळ नशिबाला किती जागा देतो ते बघू. टॉपच्या लीगमध्ये एका मॅचला दोन्ही टीमचे मिळून सरासरी पावणेतीनच्या आसपास गोल होतात, बास. बास्केटबॉलमध्ये शंभर-शंभर पॉइंट होतात, तिथं एखादा बॉल रिंगला लागून बाहेर गेला तर काही बिघडत नाही, इथं मात्र एक डिफ्लेक्शन (कुणाला तरी लागून वळलेला बॉल), एक चुकलेली ऑफसाइड आणि सगळी मॅच फिरली. अमेरिकेतल्या लॉस अलामोस लॅब आणि बोस्टन युनिव्हर्सिटीतल्या तीन फिजिक्सवाल्यांनी, बेन-नाइम, वाझकेझ आणि रेडनर, वेगवेगळ्या खेळांच्या ३ लाखांहून जास्त मॅचचे निकाल तपासले होते. ज्या टीमचं रेकॉर्ड कमजोर आहे तीच जिंकून जाते असं किती वेळा होतं, हे त्यांनी मोजलं. इंग्लिश फुटबॉलमध्ये हे प्रमाण साधारण ४५ टक्के निघालं आणि अमेरिकन बास्केटबॉलमध्ये ३६-३७ टक्के. पन्नास टक्के म्हणजे नुसता छापा-काटा, त्या हिशोबानं ४५ किती जवळ आहे बघा.

आता एक छोटं गणित, कुणीही करून बघू शकतं. समजा एखादी टीम चांगली आहे, कुठलीही मॅच जिंकायची तिची शक्यता ४५ टक्के, म्हणजे सीझनला साधारण १७ विजय, टेबलच्या वरच्या अर्ध्यात बसेल अशी. मॅनेजर तोच, प्लेयर तेच, कुणी जखमी नाही, ड्रेसिंग रूममध्ये भांडण नाही, काहीसुद्धा बदललेलं नाही. तर अशा टीमला ३८ मॅचच्या सीझनमध्ये सलग पाच मॅच एकही विजय नाही असा पट्टा लागण्याची शक्यता किती? साधारण ६० टक्के निघते! म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना दहातल्या सहा सीझनमध्ये असा पट्टा यायचाच, आणि तो आला की टीव्हीवरचे एक्सपर्ट म्हणणार की प्लेयरनी मॅनेजरचं ऐकणं सोडलंय, आणि आपण मान डोलावणार. खऱ्या मॅच एकमेकींपासून इतक्या सुट्या नसतात हे मान्य, कॉन्फिडन्स असतो, दुखापती असतात, समोरच्या टीम कमीजास्त असतात, पण पाच मॅचमध्ये दिसलेल्या संकटातलं किती खरं आणि किती नुसतं नशीब हे डोळ्यांना कळत नाही, एवढं तरी ह्या गणितातून कळतं.

आणि इथून पुढं जी गोष्ट येते ती आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला कुठल्याही प्रोफेसरपेक्षा लवकर समजेल. पावसानं ओढ दिली, वीस-पंचवीस दिवस थेंब नाही, सोयाबीन माना टाकायला लागलं की गावात धोंडी निघते, अंगाला कडुलिंबाचा पाला बांधलेलं पोरगं घरोघरी जातं आणि बाया त्याच्या अंगावर पाणी ओततात. आणि बऱ्याचदा त्यानंतर आठ-दहा दिवसांत पाऊस येतो. धोंडीला मी नावं ठेवत नाही, त्या दिवसांत माणसाच्या जिवाची काय तगमग होते ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. पण धोंडी निघते कधी ते बघा, पाऊस सगळ्यात जास्त लांबलेला असतो तेव्हा. जुलै-ऑगस्टात इतका मोठा कोरडा खंड पडून गेल्यावर पुढचे दिवस त्याच्यापेक्षा बरे असण्याची शक्यता धोंडी निघाली नसती तरीही जास्तच होती. मॅनेजर काढायची वेळ अगदी हीच. चार मॅच जिंकल्यावर कुणी मॅनेजर काढत नाही, टीम तळाला टेकली की काढतात, आणि टेकल्यावर टीम साहजिकच थोडी वर येते.

ह्याला संख्याशास्त्रात सरासरीकडं परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ मध्ये आई-बाप आणि मुलांच्या उंच्या मोजताना हे मांडलं होतं. खूप उंच आई-बापांची मुलं उंच असतात पण सरासरीनं आई-बापांएवढी नसतात, आणि खूप बुटक्यांची मुलं त्यांच्यापेक्षा थोडी उंच निघतात. टोकाच्या मापात नेहमीच थोडा योगायोगाचा हात असतो, आणि पुढच्या मापाला तोच योगायोग परत येईलच असं नाही, एवढंच त्यामागचं कारण. नवीन मॅनेजर आला की टीम उसळी मारते असं जे म्हणतात, त्यातली बरीचशी उसळी ही असली.

बरीचशी म्हणजे किती, हे कसं कळणार? ह्यासाठी नेदरलँड्समधल्या अर्थशास्त्रज्ञांनी जी शक्कल लढवली ती मला फार आवडते. बास टेर वील यांनी १९८६ ते २००४ मधल्या डच लीगचा डेटा घेतला. नंतर यान व्हान ऑर्स आणि मार्टिन व्हान टाउल यांनी २००० पासूनच्या १४ सीझनचा घेतला. आता औषधाची ट्रायल घेताना अर्ध्या पेशंटला खरी गोळी आणि अर्ध्यांना खोटी देता येते, पण कुठल्या क्लबला जाऊन असं थोडंच सांगता येतं की तुम्ही प्रयोगासाठी मॅनेजर काढा आणि तुम्ही ठेवा. मग त्यांनी काय केलं, तर जिथं मॅनेजर मध्येच काढला त्या टीमची घसरण बघितली, आणि अगदी तशीच घसरण झालेली पण मॅनेजर तोच ठेवलेला असे पट्टे शोधून काढले. दुसऱ्या अभ्यासात तर सट्टेबाजांचे भावसुद्धा धरले, म्हणजे टीम हरली ती मजबूत टीमसमोर हरली का लिंबूटिंबूसमोर हेही हिशोबात आलं. मग दोन्हींचे पुढचे निकाल शेजारी-शेजारी ठेवले.

मॅनेजर काढलेल्या टीम सुधारल्या. आणि मॅनेजर न काढलेल्या टीमसुद्धा जवळपास तेवढ्याच सुधारल्या.

ह्याचा अर्थ मॅनेजरला काही किंमतच नाही असा कुणी काढू नका. हे सगळं सरासरीचं बोलणं आहे, आणि ते सीझनच्या मध्यात घाबरून काढलेल्या मॅनेजरबद्दल आहे. चेल्सीनं जानेवारी २०२१ मध्ये मॅनेजर बदलून थॉमस टुखेलला आणलं आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा, जिंकली, तो माणूस आल्यावर टीमचा डिफेन्स कसा बदलला ते ज्यांनी बघितलंय त्यांना ते योगायोग वाटणार नाही, मलाही वाटत नाही. पण दुसरीकडं युनायटेडनं ऑक्टोबर २०२४ मध्ये एरिक टेन हागला काढलं तेव्हा टीम १४ वी होती, रुबेन अमोरिमला आणायला त्याच्या तेव्हाच्या क्लबला, स्पोर्टिंग लिस्बनला, १.१ कोटी युरो मोजले, टेन हागची भरपाई वेगळी, आणि सीझन संपला तेव्हा टीम १५ वी. एक उदाहरण ह्या बाजूचं, एक त्या बाजूचं, आणि दोन्ही गट आपापलं तेवढंच खिशात घेऊन फिरतात. सरासरी काढायची ती ह्याच्यासाठीच.

आणि पैशाचं विसरून चालणार नाही. स्टीफन शिमान्स्की ह्या अर्थशास्त्रज्ञानं इंग्लिश क्लबांचे हिशोब वर्षानुवर्षं तपासले, त्यात दिसलं की लांब पल्ल्यात क्लब प्लेयरच्या पगारावर किती खर्च करतो आणि टेबलमध्ये कुठं असतो ह्यांचा मेळ फार घट्ट बसतो. म्हणजे मॅनेजरला मार्क द्यायचे तर त्याच्या पगारबिलाच्या मानानं तो वर आहे का खाली हे बघायला पाहिजे, नुसता नंबर बघून कसं चालेल?

आता आपल्या डोक्यात काय होतं ते बघू, कारण दोन मित्र एकच मॅच बघून दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि दोघंही खोटं बोलत नसतात. १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ ह्या दोन कॉलेजांची अमेरिकन फुटबॉलची मॅच झाली होती, चांगलीच मारामारीची. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या पोरांना त्याच मॅचची फिल्म दाखवली आणि फाउल मोजायला सांगितले. डार्टमथच्या टीमचे जेवढे फाउल डार्टमथच्या पोरांना दिसले त्याच्या दुपटीपेक्षा जास्त प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले. फिल्म तीच होती! मॅनेजरच्या बाबतीत तर ह्याहून सोपं आहे, ७० व्या मिनिटाला केलेला चेंज, गोल झाला तर मास्टरस्ट्रोक, नाही झाला तर ह्याला काही कळतच नाही. निर्णय तोच, त्याच्यामागचा विचार तोच, फक्त बॉल पोस्टला लागून आत गेला का बाहेर त्यावर माणूस शहाणा का मूर्ख ते ठरलं.

त्यात आपल्यासारखीच माणसं जमली की मतं आणखी टोकाला जातात. मोस्कोविची आणि झावालोनी यांनी १९६९ मध्ये फ्रेंच विद्यार्थ्यांवर हे दाखवलं. त्या पोरांना फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्याबद्दल आधीच आदर होता, आपसात चर्चा केल्यावर तो वाढला, आणि अमेरिकन लोकांबद्दल आधीच थोडी नाराजी होती तीही वाढली. चर्चेनं मतं मधे येतील असं आपल्याला वाटतं, पण एकाच बाजूची माणसं जमली की उलटंच होतं. म्हणून काढा-वाले काढा-वाल्यांतच बसले आणि ठेवा-वाले ठेवा-वाल्यांतच बसले तर महिन्याभरात ते एकमेकांना खरे फॅनसुद्धा मानत नाहीत, आणि ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण रात्री अडीच-अडीच वाजेपर्यंत जागणारी आणि सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला तारवटलेल्या डोळ्यांनी जाणारी ही पोरं एकाच क्लबवर जीव लावून असतात.

ठेवा-वाल्यांचं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे अलेक्स फर्ग्युसन. नोव्हेंबर १९८६ ला मॅनेजर म्हणून युनायटेडमध्ये आले, पहिली ट्रॉफी १९९० मध्ये, डिसेंबर १९८९ मध्ये तर मैदानावर त्यांच्याविरुद्ध बॅनर लागलं होतं, आणि तरीही पुढं १३ लीग टायटल. उदाहरण खरंय, पण त्यात एक खाच आहे, वाट बघितली आणि सोनं झालं अशांच्याच गोष्टी सांगितल्या जातात, वाट बघितली आणि टीम खाली गेली त्यांच्या कोण सांगतंय? नॉर्विचनं २०१९-२० मध्ये डॅनिएल फार्केला शेवटपर्यंत ठेवलं, टीम २१ पॉइंटवर, सगळ्यात तळाला, रेलिगेट, म्हणजे खालच्या लीगमध्ये. (पुढच्या वर्षी त्याच फार्केनं चॅम्पियनशिप, म्हणजे इंग्लंडची दुसऱ्या पायरीची लीग, जिंकून टीम परत वर आणली, म्हणजे हे उदाहरण तरी कुणाच्या बाजूचं म्हणायचं?)

माझ्या मते आर्सेनलचा मॅनेजर मिकेल आर्टेटाची केस सगळ्यात जास्त शिकण्यासारखी आहे. डिसेंबर २०२० मध्ये आर्सेनल लीगमध्ये सलग सात मॅच जिंकली नव्हती, ख्रिसमसला १५ व्या नंबरवर होती, आणि त्याला काढा म्हणणारे कमी नव्हते. क्लबनं ठेवलं. त्या सीझनला ८ वे, मग ५ वे, मग सलग तीनदा दुसरे. म्हणून ठेवा म्हणणारे शहाणे होते असं लगेच म्हणू नका, ते नंतरचं शहाणपण झालं, डिसेंबर २०२० मध्ये हातात काय होतं त्यावर ते ठरवायला पाहिजे.

हातात काय असतं तर एक्सजी असतो, म्हणजे प्रत्येक शॉट कुठून मारला, कसा मारला त्यावरून तसल्या शॉटचे आजवर किती गोल झालेत तो आकडा, पेनल्टीचा साधारण पाऊण आणि लांबून मारलेल्या शॉटचा दोन-चार टक्के. तो सगळ्या मॅचचा जोडला की टीमनं किती गोल करायला पाहिजे होते आणि किती खायला पाहिजे होते ते दिसतं, आणि थोड्या मॅचवरून पुढचा अंदाज करायचा तर खऱ्या गोलपेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा. टीम हरायलीय पण एक्सजीत पुढं आहे तर थांबा, आणि टीम जिंकायलीय पण दर मॅचला एक्सजीत मागं आहे तर आत्ताच काळजी करा, जिंकत असतानाच. बहुतेक लोक ह्याच्या उलट वागतात.

आणि दोन्ही गटांनी सीझन सुरू होण्याआधी एक काम करावं, एका कागदावर लिहून ठेवावं की काय झालं तर आपलं मत बदलेल. काढा-वाल्यांनी लिहावं की इतक्या मॅचनंतर एक्सजीचा फरक इतका असला तर आम्ही ठेवा म्हणू, ठेवा-वाल्यांनी लिहावं की मुख्य प्लेयर फिट असताना दहा मॅच अशा गेल्या तर आम्ही काढा म्हणू. आकडा लिहायचा, तारीख टाकायची, आणि कागद तिसऱ्याच माणसाकडं द्यायचा, शक्यतो क्रिकेटवाल्याकडं.