आंबवलेली पेंड: प्रोटीन खरंच वाढतं का?

डुकरांच्या खाद्यासाठी सोयाबीन पेंड आंबवली की लॅबच्या रिपोर्टमध्ये प्रोटीन 44-48 टक्क्यांवरून 50 च्या वर गेलेलं दिसतं, आणि लगेच लोक म्हणतात बघा प्रोटीन वाढलं. पण रिपोर्टमधला तो आकडा म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणलेलं असतं. आंबवताना जंतू पेंडीतली साखर खाऊन टाकतात, तिचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, एकूण वजन घटतं, मग उरलेल्या मालात नायट्रोजनचा टक्का आपोआप वर सरकतो. बॅसिलस नावाच्या जीवाणूने आंबवताना थोडा अमोनिया तयार होतो तोही त्या हिशोबात प्रोटीन म्हणूनच मोजला जातो! म्हणून निव्वळ टक्का बघून खाद्य घेऊ नका असं मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं.

खरा फायदा आहे तो वेगळाच. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन नावाच्या पाचक एन्झाइमला अडवणारे पदार्थ असतात, पेंड नीट भाजली तर ते बरेचसे जातात, पण रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा तशाच राहतात. डुकराच्या लहान आतड्यात त्या तोडणारं एन्झाइमच नसतं, मग त्या थेट मोठ्या आतड्यात जाऊन गॅस करतात. शिवाय ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन ही प्रोटीन्स आहेत, नुकतंच दूध तोडलेल्या पिल्लांना ती सोसत नाहीत, आतड्याच्या आतले केसासारखे उंचवटे झिजतात आणि हगवण लागते. लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस सबटिलिस हे जीवाणू किंवा अॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी नेमकं हेच सगळं आधीच तोडून ठेवते, मोठ्या प्रोटीनचे छोटे तुकडे म्हणजे पेप्टाइड होतात आणि ते आतड्यातून पटकन शोषले जातात. वर लॅक्टिक अॅसिडमुळे माल आंबट होतो त्यामुळे साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना तिथे वाढायला अवघड जातं.

फॉस्फरसचंही तसंच. पेंडीतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या पदार्थात अडकलेला असतो, डुकराकडे तो सोडवणारं फायटेज हे एन्झाइम पुरेसं नसतं, आंबवणाऱ्या जंतूंकडे असतं. तो सुटला की जनावराला मिळतो आणि शेणातून कमी वाया जातो.

सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल, मोहरीच्या पेंडीत ग्लुकोसिनोलेट, हे दोन्ही अपायकारक पदार्थ आंबवल्यावर कमी होतात, म्हणजे सोयाबीनऐवजी या पेंडी थोड्या जास्त वापरता येतात. मोठ्या डुकरांसाठी मला तरी यातच सगळ्यात जास्त अर्थ वाटतो, कारण वाढीच्या वयातल्या डुकराचं पोट तोवर तयार झालेलं असतं, साध्या चांगल्या सोयाबीन पेंडीवर ते छान वाढतं, तिथे महाग आंबवलेली सोयाबीन पेंड घालून लहान पिल्लांइतका फरक पडत नाही.

आता जपायचं कुठे, तर लायसिन. धान्याच्या खाद्यात डुकराला सगळ्यात आधी कमी पडतं ते हेच अमायनो अॅसिड, म्हणजे प्रोटीनचा घटक. आंबवलेली पेंड जास्त तापवून वाळवली तर लायसिन साखरेला चिकटून बसतं आणि प्राण्याच्या उपयोगाचं राहत नाही. पातळ खाद्य आंबवताना वरून घातलेलं लायसिन आधीच टाकलं तर काही जंतू तेच खाऊन टाकतात आणि त्यापासून कॅडाव्हरिन नावाचा घाण वासाचा पदार्थ बनतो, त्याच्या वासाने डुकरं कमी खातात. म्हणून आधी धान्य-पेंड आंबवायची आणि लायसिन खाद्य देण्याच्या वेळी मिसळायचं.